०.३ की १.०? मानकातला आकडा उतरवून घेताना



या अंकातला अभ्यासलेख आमच्याच चुकीपासून सुरू करावा लागत आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही याच पत्रिकेत पिण्याच्या पाण्यावर एक लेख दिला होता. विहिरीचे, बोअरचे पाणी तपासून घ्यावे, रिपोर्ट आला की तो कसा वाचावा, असा साधाच विषय. सोबत एक तक्ता होता. त्यात लोहाची मर्यादा दर लिटरला ०.३ मिलिग्रॅम अशी दिली होती आणि खाली 'भारतीय मानकानुसार' एवढेच छापले होते. तक्ता कारखान्याच्या लायब्ररीतल्या मानकाच्या प्रतीवरून उतरवला होता. दोघांनी बसून ताडून पाहिला होता. छपाईची चूक एकही नव्हती. तरी आकडा चुकीचा होता.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर बोअरच्या पाण्यात लोह ०.६ निघाले होते. मंडळींनी आमचा तक्ता पाहिला, मर्यादेच्या दुप्पट लोह म्हणून बोअर बंद केली, आणि पुढचे पाच आठवडे वस्तीवरच्या बायकांनी पाऊण किलोमीटरवरून हंडे वाहिले. उन्हाळ्यातले पाच आठवडे. मग एके दिवशी तिथले एक सभासद पत्रिका आणि लॅबचा रिपोर्ट असे दोन्ही कागद घेऊन आमच्या टेबलाशी आले. म्हणाले, "साहेब, तुमच्या पत्रिकेत ०.३ लिवलंय, आन् ह्या लॅबवाल्यांनी मर्यादेच्या खान्यात १.० टाकलंय. आमी खरं कुणाचं धरायचं?" आम्ही म्हणालो, "दादा, बसा, पाहून सांगतो." पाहिले, तर लॅबचे बरोबर होते.

हे घडले कसे, ते जरा तपशिलाने सांगतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्याच्या १९९१ च्या आवृत्तीत लोहासाठी दोन आकडे होते: हवी ती मर्यादा ०.३, आणि पाण्याची दुसरी सोय नसेल तर १.० पर्यंत चालेल. २०१२ साली नवी आवृत्ती आली. तिच्यात ०.३ कायम राहिले, पण १.० ची सवलत काढून टाकली. पुढे जून २०१५ मध्ये याच आवृत्तीला दुरुस्ती क्रमांक १ निघाली, आणि तिने ०.३ च्या जागी १.० घातले. म्हणजे १९९१, २०१२ आणि २०१५ या तीन टप्प्यांवर तीन वेगळी उत्तरे होती. तिन्ही 'भारतीय मानकानुसार'च.

आमची प्रत २०१२ ची, दुरुस्ती निघण्याआधी घेतलेली. मानकाच्या शेवटच्या पानावर 'प्रकाशनानंतर निघालेल्या दुरुस्त्या' असा एक तक्ता छापलेला असतो: दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, कोणत्या मजकुराला लागू. हा तक्ता कोराच येतो. प्रत ज्याच्याकडे आहे त्याने तो हाताने भरत जायचा असतो आणि दुरुस्तीची चिठ्ठी आत चिकटवायची असते. आमच्या प्रतीत तो अजून कोरा होता. मानक संस्थेने आपले काम केले होते. आमच्या कपाटात मात्र २०१५ साल उजाडलेच नव्हते.

(एक खुलासा इथेच करतो, नाहीतर पुन्हा गैरसमज व्हायचा. लोह ०.६ असलेले पाणी या एका रकान्यापुरते मर्यादेत बसते, एवढेच आम्ही म्हणतो. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांचे रकाने वेगळे असतात. ते प्रत्येकाने आपापल्या रिपोर्टवर पाहायचे आहेत.)

तेव्हा मानकात बदल किती प्रकारे होतो, ते आधी समजून घेऊ. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आले. जुन्या सवयीने आपण अजून 'आयएसआय मार्क' म्हणतो, आणि पाइपावर, सिमेंटच्या गोणीवर तो शिक्का आपण पाहतोही. ब्यूरोचे मानक वेळोवेळी तपासणीला येते. काही बदलायची गरज नसेल तर ते 'पुनःमान्य' होते. अशा वेळी मानकाच्या नावातले साल जुनेच राहते आणि पुनःमान्यतेचे साल वेगळे लिहिलेले असते. थोडेच बदलायचे असेल तर क्रमांक देऊन दुरुस्ती निघते. बरेच बदलायचे असेल तर नवी आवृत्ती येते, आणि मग मानकाचे साल बदलते.

घोळ होतो तो मधल्या प्रकारात. नवी आवृत्ती आली की मुखपृष्ठ बदलते, ते नजरेला येते. दुरुस्तीने मुखपृष्ठ बदलत नाही. आयएस १०५०० : २०१२ हे नाव जून २०१५ च्या आधीही तेच होते आणि नंतरही तेच. म्हणून आमच्या तक्त्याखाली आम्ही साल दिले असते तरी चूक टळली नसती. 'दुरुस्ती क्रमांक अमुकपर्यंत पाहिले' हे लिहायला हवे होते. आणि ते लिहायला बसलो असतो तर दुरुस्त्या किती निघाल्या, हे विचारावेच लागले असते. ब्यूरोच्या संकेतस्थळावर मानकाचा क्रमांक घातला की त्याच्या दुरुस्त्या समोर येतात. पाच मिनिटांचे काम. आम्ही ते केले नाही.

आता नुसता क्रमांक लिहावा की सालासकट, हाही प्रश्न येतो. गटाने मिळून पाइप खरेदी करायचे ठरते आणि कोटेशनवर 'पीव्हीसी पाइप आयएस ४९८५ प्रमाणे' एवढेच असते. साल लिहिले असेल तर तीच आवृत्ती धरायची, साल नसेल तर चालू असलेली शेवटची धरायची, असा मानकांच्या व्यवहारातला साधारण रिवाज आहे. पण भांडण झाले की दुकानदार एक आवृत्ती काढतो आणि आपण दुसरी. म्हणून करारात साल असावे आणि 'कराराच्या तारखेपर्यंतच्या सर्व दुरुस्त्यांसह' हे शब्दही असावेत.

उतरवून घेताना आकडा बरोबर आला तरी काम संपत नाही. आकड्याला अंगरखा असतो, तोही सोबत घ्यावा लागतो. नायट्रेटचे उदाहरण घ्या. ऊसपट्ट्यातल्या विहिरींना हा रकाना महत्त्वाचा, कारण युरियाचा अंश पाझरून तिथेच जातो. मानकात मर्यादा ४५ आहे आणि ती 'नायट्रेट म्हणून' आहे. काही लॅब आकडा 'नायट्रोजन म्हणून' देतात. नायट्रेट म्हणून जे ४५ तेच नायट्रोजन म्हणून साधारण १० भरते. कुणी रिपोर्टवरचे २० पाहून '४५ च्या आत आहे' म्हणाला आणि ते २० नायट्रोजन म्हणून दिलेले असले, तर ते पाणी प्रत्यक्षात मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट नायट्रेटचे. दोन शब्द गाळल्याचा हा परिणाम.

तसेच दशांश चिन्हापुढच्या शून्याचे. आमच्या कंपोझिटरने एकदा विचारले, "१.० कशाला, नुसता १ बसवतो, जागा वाचेल." जागा वाचेल, पण अर्थ बदलेल. मोजलेला आकडा पूर्णांकात कसा आणायचा याचे वेगळे मानक आहे, आयएस २. मर्यादा जितक्या स्थळांपर्यंत दिली असेल तितक्याच स्थळांपर्यंत मोजलेला आकडा आणून मग तुलना करायची, असा नियम. मर्यादा १.० असेल तर १.३ हे १.३ च राहते आणि नापास होते. मर्यादा नुसती १ लिहिली तर १.३ चे १ होते आणि पास! म्हणून मानकातले शून्य हे शोभेचे शून्य नव्हे. ते गाळू नये, आणि पदरचे वाढवूही नये.

आतापर्यंत आपण मानक बदलले आणि आम्हाला कळले नाही, याबद्दल बोललो. याच्या उलटही होते. मानकातला आकडा बरोबर असतो आणि उतरवणारा शहाणा त्याला चूक समजून 'सुधारतो'. याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे, साखरेच्या पोलचे.

आपल्या लॅबमध्ये पोल काढताना साखर २६ ग्रॅम तोलतात आणि १०० मिलिलिटरचे द्रावण करतात, हे गळीत हंगामात लॅब पाहून आलेल्या सभासदांना ठाऊक आहे. हा नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १८९७ साली सुरू झाली. तिचे आद्याक्षरी नाव इक्युम्सा. साखरेच्या पृथक्करणाच्या पद्धती सगळ्या देशांत सारख्या असाव्यात, हे तिचे काम. तिच्या व्याख्येत वजन दिले आहे २६.०१६० ग्रॅम. आता ज्याने जन्मभर २६.००० तोलले, त्याला हे पाहिल्याबरोबर वाटणार की छपाई चुकली, मध्येच १६ कुठून आले? आणि टिपण करताना तो सरळ २६.००० लिहून मोकळा होणार.

पण छपाई चुकलेली नाही. २६.०१६० हे निर्वातातले वजन आहे. आपण तोलतो ते हवेत. पाण्यात बुडवलेला दगड हलका लागतो, तशी हवाही पदार्थाला किंचित उचलून धरते. हवेत जे २६.००० भरते तेच निर्वातात २६.०१६०. दोन्ही आकडे खरे. फक्त 'निर्वातात' आणि 'हवेत' हा शब्द प्रत्येकाच्या शेजारी हवा.

जुन्या पुस्तकांत आणखी एक वजन सापडते, २६.०४८. तेही चूक नव्हते. त्या काळी मोहर यांच्या मापाचे फ्लास्क वापरीत. त्यातले १०० घनसेंटिमीटर आजच्या मापाने १००.२३४ भरत आणि तापमान १७.५ अंश धरीत. १९०० साली पॅरिसला ठरले की खऱ्या १०० घनसेंटिमीटरला, २० अंशांवर, २६.००० ग्रॅम घ्यायचे. म्हणजे फ्लास्क बदलला म्हणून वजन बदलले. कुणी जुन्या पुस्तकातले वजन घेऊन नव्या फ्लास्कात घातले तर पोल फुगून येणार. ब्रिक्सच्या तरकाट्याचेही तेच: काही काटे १७.५ अंशांवर, काही २० वर, काही २७.५ वर आखलेले असतात. तापमान न लिहिता ब्रिक्स सांगणे म्हणजे काटा न सांगता वजन सांगणे.

पोलच्या मोजपट्टीत १९८६ साली पुन्हा बदल ठरला आणि १ जुलै १९८८ पासून तो लागू झाला. नव्याने काळजीपूर्वक मोजल्यावर शुद्ध साखरेचे द्रावण प्रकाशाला आधी मानले होते त्याहून किंचित जास्त फिरवते असे दिसले. म्हणून १०० चा बिंदू सरकवला. जुन्या पट्टीला 'अंश एस' म्हणत, नव्या पट्टीला 'अंश झेड' म्हणतात. जुने १०० म्हणजे नवे ९९.९७१. फरक ०.०२९, म्हणजे क्षुल्लक वाटतो. पण कोडेक्सच्या साखरेच्या मानकात पांढऱ्या साखरेला कमीत कमी ९९.७ अंश झेड पोल लागते (आपल्यासारख्या कारखान्यांतल्या, गंधकाच्या प्रक्रियेने केलेल्या पांढऱ्या साखरेला ९९.५). एखादा नमुना जुन्या पट्टीवर बरोबर ९९.७ आला, तर नव्या पट्टीवर तो ९९.६७ भरतो. कागदावर आकडा तोच आणि माल मात्र मर्यादेखाली.

हिशेबाच्या बाजूनेही पाहा. एक लाख क्विंटल शुद्ध साखर धरली तर दोन पट्ट्यांतला फरक २९ क्विंटलांचा होतो. ही साखर कुणी चोरली नाही आणि मळीतही गेली नाही. पण रसाचे पोल एका पट्टीवर आणि पोत्यातल्या साखरेचे दुसऱ्या पट्टीवर घेतले, तर ती 'अज्ञात तोटा' म्हणून ताळेबंदात उभी राहील आणि सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारीलच. तेव्हा जुन्या हंगामांचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडताना पट्टी कोणती, हे लिहिल्याशिवाय मांडू नयेत.

मग मानकात खरोखरच छपाईची चूक दिसली तर काय करायचे? दिसतात, नाही असे नाही. तक्त्यातली ओळ खालीवर होते, एककाच्या जागी दुसरे एकक पडते, 'जास्तीत जास्त' च्या जागी 'कमीत कमी' येते. आमचे मत असे की उतारा जसा आहे तसाच द्यावा, चुकीच्या जागी लगेच चौकटी कंसात 'मुळात असेच' लिहावे, आणि आपल्याला काय वाटते ते उताऱ्याच्या बाहेर, आपल्या नावावर सांगावे. अवतरणचिन्हांच्या आत दुसऱ्याचा शब्द असतो, तिथे आपला हात घालू नये. घातला, तर वाचणाऱ्याला तो शब्द मानकाचा वाटतो. शिवाय २६.०१६० सारखी गोष्ट असली, तर आपण बरोबर आकड्याला चुकीचा करून वर मानकाचा शिक्का मारून बसतो. शंका आली की मानक ब्यूरोला लिहावे. सूचना आल्यावरच पुष्कळ दुरुस्त्या निघतात. उत्तर येईपर्यंत आपली ती शंकाच असते, दुरुस्ती नव्हे.

या बाबतीत इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींची रीत आम्हाला आवडली. आपल्या मोबाइलवर संदेश ज्या नियमांनी ये-जा करतात, ते नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात. पहिला १९६९ साली निघाला. एकदा क्रमांक पडून दस्तऐवज निघाला की त्यातले अक्षर कधीच बदलत नाहीत, चूक सापडली तरीही. चुकांची यादी शेजारी वेगळी ठेवतात. त्या यादीत कोणीही चूक कळवू शकतो, पण प्रत्येक नोंदीपुढे तिची स्थिती लिहिलेली असते: पडताळून मान्य, नामंजूर, किंवा पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचारात घेण्यासाठी राखून ठेवलेली. म्हणजे उतरवून घेणाऱ्याने मूळ मजकूर द्यायचा आणि सोबत 'यावर अमुक नोंद आहे, ती मान्य झालेली आहे' असे सांगायचे. नुसती कळवलेली आणि मान्य झालेली, यातला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडेही मोबाइलवर कुणीतरी मानकाच्या पानाचा फोटो टाकतो, त्यावर पेनने खाडाखोड केलेली असते, आणि ती 'नवी दुरुस्ती' म्हणून गावभर फिरते. त्या पेनवाल्याला दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख विचारावी. सांगता आली नाही तर तो फोटो पुढे ढकलू नये.

दुसऱ्याच्या पुस्तकावरून उतरवण्याबद्दलही एक शब्द. मानकाची प्रत प्रत्येकाकडे नसते, त्यामुळे मार्गदर्शिका, कंपनीचे माहितीपत्रक, नाहीतर आमच्यासारखी पत्रिका, यांतूनच आकडे घेतले जातात. घ्यायला हरकत नाही. फक्त मानक स्वतः पाहिले नसेल तर 'अमुक पुस्तकात दिल्याप्रमाणे' असे लिहावे. आमचा चुकलेला तक्ता दोन गावांच्या फळ्यांवर 'भारतीय मानकानुसार' म्हणून उतरवला गेला होता, हे आम्हाला मागाहून कळले. त्यांनी 'पत्रिकेत दिल्याप्रमाणे' लिहिले असते, तर निदान विचारायला लोक आमच्याकडे आले असते.

राहिला प्रश्न, स्वतःची चूक झाल्यावर ती कशी दुरुस्त करायची. आमच्या चर्चेत एक सूचना अशी आली होती की, पुढच्या उन्हाळ्यात तोच तक्ता १.० घालून पुन्हा छापू, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ही सूचना आम्ही मान्य केली नाही. ज्याच्या घरात जुना अंक खुंटीला लटकलेला आहे त्याच्या हातात मग दोन आकडे येतात, दोन्ही आमचेच, आणि कोणता खरा हे सांगणारे कुणी नाही. म्हणून काय छापले होते, काय हवे होते, कशाच्या आधारे आणि केव्हा पाहिले, हे सगळे लिहूनच दुरुस्ती द्यायची, असे ठरले. त्या वस्तीवर आम्ही स्वतः जाऊन आलो. बोअर सुरू आहे. एका आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "पुढल्या बारीला पयलं लॅबवाल्याला इचारा, मग छापा." आम्ही हो म्हणालो.

लायब्ररीतल्या सर्व मानकांच्या शेवटच्या पानावरचे कोरे तक्ते भरायचे काम लॅबमधल्या दोघांनी हाती घेतले आहे. पाणी, पाइप, ठिबक आणि साखर यांची मानके आधी घेतली आहेत. सभासदांना एखादा आकडा पाहायचा असेल तर गट ऑफिसमार्फत मानकाचा क्रमांक आणि कशासाठी हवा ते कळवावे. उत्तरात साल, दुरुस्ती क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहून देऊ.

खालची चौकट कापून गेल्या वर्षीच्या पाण्यावरील लेखातल्या तक्त्यावर, लोहाच्या ओळीशेजारी चिकटवावी. जुनी ओळ झाकू नये.

शुद्धिपत्र
पिण्याच्या पाण्याचा तक्ता, ओळ 'लोह'.
छापले होते: ०.३ मिलिग्रॅम दर लिटर.
असे वाचावे: जास्तीत जास्त १.० मिलिग्रॅम दर लिटर, लोह म्हणून. याहून अधिकाची सवलत नाही.
आधार: आयएस १०५०० : २०१२, दुरुस्ती क्रमांक १, जून २०१५.
चुकीचे कारण: दुरुस्तीपूर्वीच्या प्रतीवरून उतरवले.
तक्त्यातील इतर ओळीही त्याच प्रतीवरच्या आहेत. त्या दुरुस्त्यांशी ताडून पुढील अंकात देत आहोत. तोपर्यंत त्या ओळींसाठी लॅबच्या रिपोर्टवरील मर्यादेचा रकाना पाहावा.